घार उतरली

१२ जानेवारी

प्रिय आत्या,

अक्षर वेडंवाकडं दिसलं तर नावं ठेवू नकोस, कारण हे पत्र मी जमिनीवर बसून लिहीत नाहीये. क्रेनच्या केबिनमध्ये बसलेय. खाली सळयांचे भारे बांधून व्हायचे आहेत, तोवर हूकही रिकामा आणि मीही. केबिन म्हणजे तुझ्या न्हाणीघराएवढी काचेची खोली, पायाखालीसुद्धा काच. वारा आला की सगळी हलते. पहिल्या दिवशी दोन्ही हातांनी खुर्ची धरून बसले होते, आता हललेली कळतही नाही.

मला एकटीला क्रेन देऊन महिना झाला. काम रेल्वे स्टेशनच्या नव्या छताचं आहे. मैदानात दोन क्रेन, एक माझी आणि एक मास्तरांची. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, मला हे काम ज्यांनी शिकवलं ते. सगळी साइट त्यांना मास्तरच म्हणते. बोलणं कमी, पण रेडिओवर त्यांचा आवाज आला की खाली टिवल्याबावल्या करणारे सरळ उभे राहतात.

इथे जुन्या क्रेनवाल्यांची एक पद्धत आहे. सकाळी वर चढलेला माणूस संध्याकाळीच खाली उतरतो, मधे नाही. अशा माणसाला हे लोक ‘घार’ म्हणतात. मास्तर कित्येक वर्षं घार आहेत. आणि मागच्या आठवड्यात त्यांनी रेडिओवर, सगळ्यांना ऐकू जाईल असं मला विचारलं, “काय घारबाई, आज किती खेपा झाल्या?” आत्या, मी त्या काचेच्या खोलीत एकटीच हसत सुटले.

युक्ती सोपी आहे. सकाळी उठल्यापासून पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. तोंड कोरडं पडलं की आंबट गोळी चघळायची. दुपारी पेंग यायला लागली की ते ताकदीचं म्हणून विकतात ना, त्या गोड पेयाचा एक डबा, आणि खाऱ्या वेफर्सचं पाकीट. बाकी सगळं घामात निघून जातं, उतरायची वेळच येत नाही. ‘वरच्या माणसानं पाणी पिऊ नये,’ हा मास्तरांचा पहिला धडा.

आता खरी गोष्ट. मे महिन्यात छताची मोठी कैची चढवायची आहे. कैची म्हणजे छताला खालून तोलून धरणारी लोखंडी चौकट, आणि ही तर अख्ख्या फलाटाच्या रुंदीएवढी आहे. एका क्रेनला झेपणार नाही. दोन क्रेननी दोन टोकं धरून एकदम उचलायची, एकाचा हात जरा पुढे गेला तरी पंचाईत. एक टोक मास्तरांचं, हे ठरलेलं. दुसऱ्यासाठी पलीकडच्या साइटवरून एक मुरलेला माणूस आणायचा विचार चाललाय. पण मला ते टोक हवंय. रात्री झोपेतही माझे हात दांडे फिरवत असतात.

तू बघायला ये. आणि फोन का करत नाहीस असं विचारू नकोस. फोनवर सगळेच बरे असतात, हे तुझंच म्हणणं.

तुझी,
वर बसलेली भाची


२० जानेवारी

माकडीणबाई,

लहानपणी तुला कपाटावरून उतरवता उतरवता माझी कंबर गेली. आता तू पगार घेऊन चढतेस. तुझ्या बापाला मी तेव्हाच म्हटलं होतं, ही पोरगी जमिनीवर टिकायची नाही. तर शाबास. मनापासून शाबास. शेजारच्या दोघींना पत्र वाचून दाखवलं. एकीनं विचारलं, मग ती जेवते कुठे? मी म्हटलं, ढगात.

पण त्या आंबट गोळीपाशी आले आणि वाचायची थांबले. बाकीचं शेजारणींना सांगितलंच नाही.

तू मला काही नवीन सांगितलंस असं समजू नकोस. कपडे शिवायच्या कारखान्यात माझा जन्म गेला. लांबच लांब हॉल, मशीनच्या रांगा, आणि टोकाला काचेच्या खोलीत बसलेली सुपरवायझरीण. (तुझ्यासारखीच काचेत, फक्त ती खुर्चीवरून हलायची नाही आणि कामही करायची नाही.) जी कोणी मशीनवरून उठेल तिच्याकडे तिची मान वळायची. बोलायची काही नाही, नुसती मान. त्या मानेच्या धाकानं आम्ही बायका पाणी पीत नव्हतो. अर्धा कप कडक चहा, मूठभर खारे दाणे, आणि तोंडात गोळी. आंबटच. डोकं ठणकायला लागलं की दुखण्याच्या गोळ्यांची डबी रांगेतून हातोहात फिरायची. जी दिवसभर जागची उठली नाही तिचं कौतुक व्हायचं. माझं फार व्हायचं.

एकच होती, दर थोड्या वेळानं उठणारी. शेजारी पाण्याची ही एवढी बाटली. तिला आम्ही ‘हौद’ म्हणायचो. कोणी किती कपडे शिवले ते लिहायच्या फळ्यावर तिचं नाव कायम तळाला, आणि तिला त्याचं सोयर ना सुतक. परवा बाजारात भेटली. दोन्ही हातांत भरलेल्या पिशव्या, तिसऱ्या मजल्यावर जिन्यानं जाते म्हणाली. वर मलाच विचारते, तुझे पाय असे का दिसतात गं?

तर पाणी पी. उतरावं लागलं तर उतर. या लोकांनी ‘घार घार’ करून तुला हरभऱ्याच्या झाडावर चढवलंय, आणि तिथे शिडी नसते.

साइटवर ये म्हणतेस, पण आत्ता नाही जमायचं. गुडघा कुरकुरतोय.

तुझी आत्या


६ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

मिळालं. दुसरं टोक मला मिळालं. काल मास्तरांनी मोठ्या साहेबांना सांगितलं, “बाहेरून माणूस कशाला? हिचा हात स्थिर आहे.” एवढंच. साहेब माझ्याकडे बघत राहिले आणि मी मास्तरांकडे. मास्तर तोवर शिडी चढायलाही लागले होते.

तुझा पाण्याचा हुकूम वाचला. उतर म्हणणं सोपं आहे गं. मी उतरायचं म्हणजे आधी रेडिओवर सांगायचं, आणि रेडिओ सगळी साइट ऐकते. मग ती उभी शिडी, एकामागून एक टप्पे. खाली पोचलं की अख्खं मैदान ओलांडून गेटपाशी दोन संडास, त्यातल्या एकाला कडी नाही आणि दुसऱ्याला दारच धड नाही. मग परत चढायचं. तोवर खाली सगळे हात बांधून उभे, आणि साहेब घड्याळाकडे बघणार. पुरुष उतरला तर ‘पोट बिघडलं असेल’ म्हणतील, मी उतरले तर ‘बाई आहे’ म्हणतील. हे टोक मिळवायला मी जिवाचं रान केलंय. एका तांब्याभर पाण्यापायी घालवू?

तुझी ती सुपरवायझरीण इथे नाही, पण मान मात्र सगळ्यांच्याच वळतात.

तब्येत ठणठणीत आहे. दुपारचं डोकं दुखतं, पण ते उन्हानं. एक गोळी घेतली की जातं. अधूनमधून कंबर धरते, ती खुर्चीमुळे.

आणि हे काय ऐकते मी? बाबा सांगत होते, आत्या हल्ली अळणी जेवते, भाजीत मीठ नाही, दाणे बंद, पाणीसुद्धा मापून पिते. या वयात कंबर बारीक करून कोणाला दाखवायची आहे? गुडघ्याला शेक दे आणि नीट जेव. नटायचं असेल तर मी नवी साडी पाठवते.

तुझी भाची


१५ फेब्रुवारी

बाळ,

साडी नको. गुडघा नाही, किडनी आहे.

तुझ्या बापालाही मी गुडघाच सांगितला होता. त्याला सांगितलं असतं तर सगळं घर गोळा होऊन माझ्या पलंगाभोवती बसलं असतं, आणि मला ते सहन होत नाही. पण तुझ्या पत्रातली दुपारची गोळी आणि धरलेली कंबर वाचली, आणि आता लपवून ठेवायला मी काही वेडी नाही.

गेल्या वर्षी पायांना सूज यायला लागली. अंगावर काढली. मग चेहऱ्यावर आली, तेव्हा गेले. डॉक्टरांनी रक्त, लघवी, पोटाची तपासणी असं सगळं केलं आणि समोर बसवून विचारलं, कामावर पाणी किती प्यायचात? म्हटलं, जमेल तितकं कमी. गोळ्या किती घ्यायचात? म्हटलं, डोकं दुखेल तितक्या. त्यांनी पेन खाली ठेवलं. माझ्या दोन्ही किडन्या मिळून आता एकीचंही काम धड होत नाही. सगळा दोष एकाच गोष्टीचा, असं ते म्हणत नाहीत. रक्तदाब होता, तो मी कधी मोजलाच नव्हता. खारं खाणं होतं. पण वर्षानुवर्षं कोरडं राहायचं आणि वर त्या गोळ्या गिळायच्या, यानं आतून पोखरलं, म्हणाले. दुखत काहीच नव्हतं गं. दुखलं असतं तर उठले असते मशीनवरून.

आता सूज आहे म्हणून पाणी मोजून. सकाळी एक जग भरून ठेवते, दिवसाचं तेवढंच. जेव्हा कोणी मोजत नव्हतं तेव्हा प्यायले नाही, आणि आता घोट घोट पुरवून पिते. याचा मला इतका राग येतो की कधी कधी त्या जगावरच ओरडते. मीठ नाही, पाकिटातलं काही नाही, दुखण्याची गोळी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हातातही घ्यायची नाही. इतकं सगळं कशासाठी, तर डायलिसिस जितकं लांबवता येईल तितकं लांबवायला.

मी तुला घाबरवायला लिहीत नाही. खरं तर घाबरवायलाच लिहितेय. तू घाबर. माझा जग भरून झालाय, तुझा अजून नळाखाली आहे. पाणी पी, ती गोळी फेक, तो डबा फेक आणि डॉक्टरला दाखव. कैचीचं टोक गेलं तर जाऊ दे.

पत्राचं उत्तर लगेच पाठव.

आत्या


२८ मार्च

प्रिय आत्या,

उत्तर लगेच पाठवलं नाही, आणि बाबांनी तुला फोनवर ‘साधा ताप आहे’ सांगितलं, ते माझ्याच सांगण्यावरून. या घरात खोटं बोलायला कोणी कोणाला शिकवत नाही, उपजतच येतं.

तुझं पत्र मी केबिनमध्ये वाचलं. रडले. घरी जाऊन चार पेले पाणी प्यायले. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत कोरडी चढले. दोन क्रेनची तालीम सुरू होती, मास्तर बघत होते. म्हटलं, कैची चढली की मग सुधारू.

अकरा मार्चला दुपारी हुकाला काँक्रीटचं भरलेलं बकेट होतं. आणि कुशीत कोणी पक्कड घालून पिळावं तशी कळ आली. हात दांड्यावर होता आणि मला तो हात दिसत होता, पण माझा वाटत नव्हता. खाली माणसं होती, आत्या. मी रेडिओवर काय बोलले आठवत नाही. मास्तरांचा आवाज तेवढा आठवतो. “माझ्याकडे लक्ष दे. बकेट डावीकडे रिकाम्या जागेवर. हळू. आणखी हळू. टेकलं. आता हात सोड.” बकेट कोणालाही न लागता टेकलं, आणि मग मी आडवी झाले. सेफ्टीचा अधिकारी आणि खालून मला सिग्नल देणारा, ज्याला सगळे ‘भाऊ’ म्हणतात तो, दोघं वर आले आणि मला झोळीत बांधून दोरानं खाली सोडलं. सामान खाली सोडतात तसं. मास्तर त्यांच्या केबिनमधून बघत होते, असं नंतर कळलं.

मुतखडा होता. त्यामागे लघवी तुंबलेली, आणि जंतू थेट किडनीपर्यंत गेलेले. तापात दोन दिवस मी काहीबाही बडबडत होते. खडा काढला. डॉक्टरीणबाईंनी सगळं विचारून घेतलं, पाणी, डबा, वेफर्स, गोळ्या. मग म्हणाल्या, “तुमची किडनी अजून तरुण आहे, यावेळी माफ करेल. दर वेळी करणार नाही.” मी त्यांना तुझ्याबद्दल सांगितलं. त्या म्हणाल्या, तुमच्या आत्या जिथे आहेत तिथे जायचा रस्ता हाच आहे, फक्त तुम्ही अजून सुरुवातीच्या वळणावर आहात आणि मागे फिरता येतंय.

आता बरी आहे. ताप नाही. पण क्रेन गेली. मोठ्या साहेबांनी फुलं पाठवली, आणि सोबत निरोप, की आता ऑफिसात टेबलाचं काम बघा, तब्येत महत्त्वाची. कैचीच्या दुसऱ्या टोकाला पलीकडच्या साइटवरचा माणूस येणार. ‘बाईला झेपलं नाही’ असं तोंडावर कोणी म्हणत नाही, त्यामुळे मला भांडताही येत नाही. मास्तर एकदा भेटायला आले. खुर्चीच्या काठावर बसले, संत्री ठेवली आणि गेले.

मी पाणी पितेय. पण टेबलापाशी बसून पितेय, याचा काय उपयोग?

तुझी भाची


४ एप्रिल

बाळ,

‘सांगितलं होतं’ असं म्हणायचं नाही, असं ठरवून बसले होते. पण सांगितलं होतं. झालं, आता पुढचं बघू.

तू रडतेयस ती क्रेन गेली म्हणून, आणि मी इथे देवाचे आभार मानतेय की तू गेली नाहीस. पण मला हेही कळतं, की तुला टेबलापाशी बसवलं तर तू आतून सुकशील. माझं जे झालं ते झालं, म्हणून तुझे पंख छाटलेले मला चालायचे नाहीत.

ऐक. रोज दुपारी आमच्या हॉलमध्ये घंटा व्हायची. सगळ्या मशीन बंद. प्रत्येकीनं आपल्या मशीनला तेल द्यायचं, फडक्यानं पुसायचं. सुपरवायझरीण स्वतः रांगेतून फिरून बघायची. तेल न देता मशीन चालवली तर खरडपट्टी. इतकी वर्षं मी त्या घंटेला मशीनला तेल पाजलं आणि स्वतः तशीच बसले. मशीनला मिळालं का ते बघायला बाई होती. आम्हाला मिळालं का, हे विचारावं असं तिला सुचलं नाही, आणि आम्हालाही नाही. काल मेथी निवडताना हे एकदम डोक्यात आलं आणि मी तिथेच थांबले.

तुझ्या क्रेनला काय देतात? ग्रीस? मग ते देताना क्रेन थांबवतच असतील. जा आणि साहेबांना एवढंच विचार. आजारी म्हणून विचारू नकोस, बाई म्हणून विचारू नकोस, दया म्हणून तर मुळीच नको. क्रेनचा एक भाग म्हणून विचार. आणि मधल्या टप्प्यावर संडास माग. कडीसकट.

आम्ही मागितलं नाही. तू माग.

आत्या


२२ एप्रिल

प्रिय आत्या,

मेथीला माझा नमस्कार सांग.

बैठकीत मोठे साहेब, सेफ्टीचा अधिकारी, मास्तर आणि मी. मी साहेबांना विचारलं, क्रेनला ग्रीस द्यायला किती वेळ थांबवता? साहेब खुशीत आले. म्हणाले, त्यात तडजोड नाही, ठरल्या वेळी थांबणार म्हणजे थांबणार, नाहीतर एक दिवस वरच अडकेल. मी म्हटलं, अकरा मार्चला ती वरच अडकली होती, साहेब. ग्रीस संपलं म्हणून नाही.

मग सेफ्टीच्या अधिकाऱ्यानं टेबलावर हात आपटला आणि म्हणाला, हे मी लिहून घेतो. माझं पारडं तेव्हाच जड झालं. माझ्या क्रेनच्या टॉवरच्या, म्हणजे उभ्या खांबाच्या, मधल्या टप्प्याला लागून आधीच बांधलेल्या मजल्याची गच्ची आहे, तिथे फळी टाकून संडासाची खोली बसवली. कडी मी स्वतः लावून पाहिली. सकाळी एकदा आणि दुपारी एकदा हूक थांबवायचा, हेही ठरलं.

फक्त मास्तर. ते उठताना एवढंच म्हणाले, “मी कधी मागितलं नाही.” त्यांच्या टॉवरला खोली बसवू का विचारलं तर नको म्हणाले. तेव्हापासून रेडिओवर कामापुरतंच बोलतात. घारबाई म्हणत नाहीत. मला ते लागलंय, खोटं कशाला सांगू.

आता दुसरी बातमी. डॉक्टरीणबाईंनी परत सगळं तपासलं. किडनी स्वच्छ, जंतू नाहीत, खडा नाही. त्यांनी वर चढायला लेखी परवानगी दिली. मग पलीकडच्या साइटवरच्या माणसाची आणि माझी, दोघांची परीक्षा झाली, पाण्यानं काठोकाठ भरलेलं पिंप उचलून नेमक्या खुणेवर ठेवायचं. त्याचं हिंदकळलं. माझं नाही. निकाल मास्तरांनी द्यायचा होता. त्यांनी माझ्याकडे न बघता माझं नाव सांगितलं.

त्या गोड पेयाचा डबा सोडला तेव्हा आठवडाभर दुपारी डोकं इतकं चढायचं की भिंतीवर आपटावंसं वाटे. मग कळलं, ते दुखणं उन्हाचं नव्हतंच, थोडं तहानेचं होतं आणि थोडं त्या डब्याच्या सवयीचं. आता दुखतच नाही, त्यामुळे गोळीही नाही. वेफर्सऐवजी काकडी, फळं आणि घरचा डबा नेते. सिग्नलवाला भाऊ म्हणतो, वर क्रेन आहे की खाणावळ?

कैची नऊ मेला. येशील?

तुझी भाची


३० एप्रिल

माकडीणबाई,

काल माझी तपासणी होती. डॉक्टर कागद बघत होते आणि मी त्यांचं तोंड. मागच्या खेपेपेक्षा वाईट नाही. त्याच्या आधीच्या खेपेपेक्षाही नाही. आकडे जागच्या जागी बसलेत, सूज उतरलीय, डायलिसिसचं नाव त्यांनी काढलं नाही आणि मी काढू दिलं नाही. म्हणाले, तुम्ही पथ्य फार कडक पाळता. मी म्हटलं, न उठता बसायची सवय आहे, तीच उलटी फिरवली.

प्रवासाला परवानगी मिळाली. तुझ्या बापाला घेऊन येते. त्याला आता खरं सांगितलंय. रात्री मीठ नसलेली भाजी माझ्यासोबत मुकाट्यानं जेवला.

आत्या


१४ मे

बाळ,

कालच घरी पोचलो. तुला पत्र कशाला लिहायचं, सगळं तुझ्यासमोरच तर झालं, असं तुझा बाप म्हणतो. पण तू वर होतीस. खालचं तुला काय माहीत?

तुमच्या सेफ्टीच्या माणसानं मला डोक्यावर टोपडं चढवून दोरीच्या अलीकडे उभं केलं, सिग्नलवाल्या भावाशेजारी. त्याच्या रेडिओतून सगळं ऐकू येत होतं. सकाळपासून वारा. तुम्ही दोघं वर बसून, खाली साहेब येरझाऱ्या घालतायत. दहा वाजले, अकरा वाजले. बारा वाजता वारा पडला. साहेब धावतच आले, चला, सुरू करा, आत्ताच. सगळी साइट उभी राहिली. आणि तुझा आवाज आला. “मला आधी खाली जाऊन यायचंय. कैची उचलली की दीड तास हलता येणार नाही.”

पोरी, माझे कान तापले. एवढी माणसं ऐकतायत आणि तू सरळ सांगतेस. साहेब म्हणाले, वारा परत सुटला तर? तू म्हणालीस, “सुटला तर परत थांबू. अशी बसले तर हात स्थिर राहणार नाही.” त्यात ना लाज ना आर्जव. एवढ्या बायकांच्या हॉलमध्ये इतकी वर्षं बसून मी हे वाक्य एकदाही ऐकलं नव्हतं. मी सुपरवायझरणीसारखी मान वळवून साहेबांकडे बघत राहिले. ते बाजूला सरकले.

आणि तू शिडीवर पाय ठेवलास, तेवढ्यात रेडिओत दुसरा आवाज. “मीपण उतरतो.”

तू मधल्या टप्प्यावर गेलीस, त्यामुळे तुला दिसलं नाही. मास्तरांच्या टॉवरला तुझ्यासारखी खोली नाही, ते थेट जमिनीपर्यंत आले. प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत, एक हात कमरेवर. सिग्नलवाला भाऊ पुटपुटला, चढल्यावर मधेच उतरताना मी यांना पहिल्यांदा बघतोय. कोणी हसलं नाही. गेटकडून परत येताना ते पाण्याच्या पिंपापाशी थांबले. मी तिथेच होते. एक पेला प्यायले, मग दुसरा. मला विचारलं, तुम्ही तिच्या आत्या का? मी हो म्हटलं. म्हणाले, “ताई, मला वाटायचं मी उतरलो तर काम थांबेल. बघा, थांबलं. सगळे उभे आहेत. कोणाचं काही बिघडलं नाही.” मग कमरेवर हात ठेवून हळूच म्हणाले, माझ्याही कुशीत वर्षभर दुखतंय, कोणाला बोललो नाही. मी म्हटलं, सोमवारी डॉक्टरकडे जायचं, नाहीतर मी परत येईन. ते म्हणाले, जातो.

मग ते चढले. वारा तसाच पडलेला. पुढचं तू केलंस. ती एवढी लोखंडी चौकट जमिनीवरून उठली, आणि दोन्ही टोकं अशी बरोबरीनं वर गेली, की एकाच माणसाचे दोन हात असावेत. तुझा बाप माझ्या दंडाला धरून उभा होता, दंड अजून निळा आहे. रेडिओत फक्त तुम्हा दोघांचे आवाज. जरा तुझं. जरा माझं. थांब. चल. मग कैची खांबांवर बसली आणि बोल्ट घालणारी माणसं वरून हात हलवायला लागली, आणि खाली सगळ्या साइटनं टाळ्या वाजवल्या. मी रडले. मोठ्यानं रडले, टोपड्याचा पट्टा तोंडात गेला तरी रडले. तुझ्यासाठी रडले, आणि थोडी त्या हॉलमधल्या आम्हा सगळ्यांसाठी.

पण पत्र लिहिलं ते यासाठी, की निघताना मास्तर गाडीपाशी आले. तुला तोंडावर सांगायला त्यांना जड जातं, म्हणून निरोप माझ्याकडे दिला. मंगळवारपासून क्रेनवर दोन शिकाऊ यायचेत. आजवर पहिला धडा ते स्वतः द्यायचे, तो तुला ठाऊक आहे. ते म्हणाले, यापुढे पहिला धडा तिनं द्यायचा. मी दुसऱ्यापासून शिकवीन.

तेव्हा त्या दोघांना आधी उतरायला शिकव.

तुझी आत्या